नाव घालून गायलेली हळद

अजीमभाऊंची आन् माझी ओळख शिवीनं झाली. शिवी मी दिली, त्यांनी ऐकून घेतली.

माझ्या दिराच्या पोरीचं लगीन होतं, तळेगाव ढमढेऱ्यात, आमच्याच दारात मांडव. अजीमभाऊंचं शिरूरला एस्टी स्टँडाच्या समोर कॅसेटचं दुकान होतं, आन् लग्नसराईत ते स्पीकरची ऑर्डर बी घ्यायचे. नवरीला पाटावर बसवली, बायका वाट्या घेऊन उठल्या, मी गाणं धरलं, आन् तेवढ्यात ह्यांच्या भोंग्यातून पिक्चरचं गाणं सुरू. शेजारणीचं बोलणं ऐकू येईना, तिथं माझं गाणं कुणाला ऐकू जातंय! मी पिवळ्या हातानं तशीच उठले, मशिनीपाशी गेले आन् म्हणलं, "मुडदा बशिवला तुझ्या भोंग्याचा! हळद हाय का तमाशा? बंद कर आधी!"

दुसरा कुणी असता तर म्हणला असता, पैसं मालकानं दिल्यात, त्याला विचार. अजीमभाऊंनी बटण दाबलं. तिशी-पस्तिशीचा माणूस, बारीक अंगाचा, शर्टाच्या खिशाला पेन. म्हणले, "चुकलं मावशी. गावा तुम्ही. मी ऐकतो."

आन् खरंच ऐकत बसले हो! हळदीची गाणी गडीमाणूस कवा ऐकतो? आमचे मालक सोपानराव, इतकी वर्सं संसार केला, त्यांना माझं एक गाणं धड सांगता यायचं न्हाई. हा बाबा मांडवाच्या मेढीला टेकून शेवटपर्यंत ऐकत ऱ्हायला. मला त्याच दिवशी वाटलं, मी उगाच तोंड सोडलं. पण कबूल कोण करतंय!

आता आमची हळदीची गाणी कशी असत्यात ते सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. ही गाणी माझ्या आईची, तिच्या आईची, त्याच्या मागं कुणाची ते देवाला ठावं. पण ती जशीच्या तशी गायची नसत्यात. त्यात नावं घालायची. नवरीचं, तिच्या आईबापाचं, आजीचं, आत्याचं, आन् मामाचं तर आधी. ज्याचं नाव ऱ्हायलं तो रुसला म्हणून समजा. एकदा एका आत्याचं नाव माझ्याकडून निसटलं तर ती बाई जेवायला बसंना, पुन्हा पहिल्यापासून गायला लावलं मला. नाव न घालता गायलं तर ते गाणं हवेत जातं, कुणाच्या अंगाला लागत न्हाई, असं माझी आई म्हणायची.

दुसरी रीत अशी, की गाणं मागायला आलेल्या बाईला न्हाई म्हणायचं न्हाई. पोरी कुठं कुठं दिल्यात, करमाळा, जामखेड, कुठं बी. तिथं त्यांना कोण गाणार? म्हणून कुणी बी आली, 'मावशी, शिकवा' म्हणली, की बसवायची, चहा करायचा आन् शिकवायचं. आम्हाला ते पाणी देण्यासारखंच वाटायचं.

लगीन झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी अजीमभाऊ मळ्यात आले. मी शेवंती तोडत होते. म्हणले, "मावशी, तुमची गाणी भरून घ्यायची हायेत. कॅसेट काढू." मला हसूच आलं. सोपानराव बांधावरून म्हणतात, "भरून घ्या, भरून घ्या. तिचं बोलणं बी भरा, मंग घरात मला एक बटण द्या बंद करायचं." आमचे मालक बोलायचे कमी, पण बोलले की असं.

फुलं ठेवायच्या खोलीत भरली कॅसेट. चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, दार लावलं, आन् मी, माझी जाऊ आन् शेजारची चंद्रभागा अशा तिघी घामानं निथळत गायला लागलो. एका गाण्यात मागून शेळी वरडली ती तशीच ऱ्हायली. अजीमभाऊ म्हणले ऱ्हाऊ द्या, लग्नघरात शेळी असतीच. नावाचा तेवढा घोळ झाला. मी म्हणलं, कुणाची नावं घालू? ते म्हणले, "कॅसेट सगळ्यांनाच विकायची, तवा नुसतं नवरीबाई म्हणा, मामा म्हणा." मला ते पटलं न्हाई, पण गायले.

आन् ती कॅसेट खपली बघा! अजीमभाऊ घरीच दोन खणांच्या मशिनीवर एकीवरून एक उतरवून घ्यायचे, त्यांची बायको फरीदा लेबलं चिकटवायची. तळेगावच्या बाजाराला, शिरूरच्या बाजाराला, जिथं तिथं माझाच आवाज. विकली की ते माझा वाटा घेऊन घरी यायचे, मी न मागता. एका दिवाळीला त्या पैशातनं मी शिलाई मशीन घेतलं. माझ्या नावावर घेतलेली ती पहिली वस्तू. सोपानरावांनी फडक्यानं पुसलं ते, मला म्हणाले, "सिंधू, नाव काढलंस." तेवढ्या एका शब्दासाठी मी अजीमभाऊंना जन्मभर दुवा देईन.

त्यांच्या दुकानात मी बाजाराच्या दिवशी बसायचे. फुलं विकून झाली, की जीपला वेळ असायचा. फरीदा डबा घेऊन आलेली असायची, मला बी दोन घास खायला घालायची. तवा तिथं कंपन्यांची माणसं माल घेऊन यायची. एका कंपनीचा एक, दुसरीचा दुसरा, असे चार-पाच जण. एकमेकांच्या कॅसेटींना नावं ठेवायचे, चहा प्यायचे, 'अजीमशेठ, आमचा माल पुढं लावा' म्हणून गळ घालायचे. कुणी उधारी वाढवून द्यायचा, कुणी न खपलेला माल परत न्यायचा. गंमत असायची. सणसवाडीच्या कंपन्यांमधले बिहारकडचे कामगार यायचे, त्यांना त्यांच्याकडची गाणी पाहिजे असायची. ती बी अजीमभाऊ कुठनं कुठनं मिळवून ठेवायचे.

मंग एकेक माणूस यायचा बंद झाला. मी विचारलं, "तो गोरा हसरा पोरगा कुठं गेला हो?" अजीमभाऊ म्हणले, "त्याची कंपनी विकली मावशी. मोठ्या कंपनीनं घेतली." पुढच्या साली आणखी एक गेली. सगळ्यांचा माल पुण्याच्या एकाच शेठकडं आला. आता शिरूर-दौंडात कुणाला बी कॅसेट ठेवायची तर त्याच शेठच्या दारात जायचं. आन् पाच माणसांच्या जागी एकच यायला लागला, मच्छिंद्र नावाचा. वाईट न्हवता तो, पण चहा प्यायला थांबायचा न्हाई.

मच्छिंद्रच्या गाडीत नव्या पिक्चरची कॅसेट असायची. ती पाहिजे तर तिच्यासंगं न खपणारा ढीग घ्यायचा. परत न्यायची बात न्हाई. आन् दुकानाच्या स्पीकरवर दिवसभर त्यांचंच वाजलं पाहिजे. अजीमभाऊ कुरकुर करायचे, मच्छिंद्र म्हणायचा, "न्हाई परवडत तर ऱ्हाऊ द्या की. पलीकडचा दुकानदार घेतोय." जवा पाच जण होते तवा अजीमभाऊ शेठ होते. एक ऱ्हायला आन् ह्यांचा नोकर झाला.

मंग एक दिवस माझ्या दारात एक पांढरी मोटार आली. दोन पोरी उतरल्या, चांगल्या शिकलेल्या, संगं एक पोक्त बाई. म्हणल्या, घरात लगीन हाय, आम्हाला गावाकडची हळदीची गाणी येत न्हाईत, शिकवता का? मी म्हणलं, बसा की! पुरणाची पोळी केली. त्यांच्या पिशवीत टेप चालू होता, मी बघितला व्हता, पण त्यात काय? पाठ करायला लागतोच. मी म्हणलं, नवरीचं नाव सांगा. त्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. मला वाटलं लाजत्यात. नावाशिवाय माझ्या तोंडातनं गाणं निघत न्हाई, म्हणून मी आपली घरातलीच नावं घातली. नवरी म्हणून माझी लेक शालन, बाप सोपानराव, आन् मामा म्हणजी माझा भाऊ, गावासकट, न्हावऱ्याचा गेणबा.

हळद कुटिते गं, उखळ पिवळं झालं,
शालनच्या हळदीला गेणबा मामा आलं.

असं सगळं शिकवलं. जाताना दोघींची ओटी भरली, नारळ दिला. मोटार वळंपर्यंत मी दारात उभी.

पुढच्या लग्नसराईला अजीमभाऊ घाईघाईनं घरी आले. हातात चकचकीत कॅसेट, वर नथ घातलेल्या बाईचा फोटो. ती तशीच टेपमध्ये घातली. मागं ढोलकी, बासरी, काय काय. आन् एक अनोळखी बाई गोड गळ्यानं गाती, 'गेणबा मामा आलं.' मी हातातलं सूप खाली ठेवलं. माझ्या भावाचं नाव, माझ्या लेकीचं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव, सगळ्या महाराष्ट्राच्या मांडवात वाजणार! त्या येड्यांना वाटलं असंल, गेणबा म्हणजी कुणीतरी देव असंल.

मला राग येईना, आधी हसूच आलं. राग नंतर आला, आन् आला तो असा आला की शेजारची चंद्रभागा घाबरून घरी गेली.

पण खरं संकट पुढंच होतं. कंपनीनं तक्रार दिली, की शिरूरचा अजीम आमची गाणी चोरून नकली कॅसेट विकतो. आमची कॅसेट आधीची, त्यांची कितीतरी वर्सं मागाहूनची, तरी चोर आम्हीच! त्यांच्याकडं गाण्यांचे कागद होते, आमच्याकडं शेळीचं वरडणं. चौकीतनं शिपाई आले, मशीन उचलली, कॅसेटचं खोकं उचललं आन् अजीमभाऊंना जबाबाला नेलं. भर बाजाराच्या दिवशी. फरीदा दुकानाचं शटर वढत होती, मी फुलाची पाटी घेऊन समोरून येत होते. तिनं मला बघितलं आन् रस्त्यातच रडायला लागली.

मी म्हणलं, "रडू नको. आधी गेणबाला आणते."

जीपवाल्याला म्हणलं, न्हावऱ्याला घे, आन् मधी कुठं सीट भरत बसलास तर बघ. गेणबा ऊस तोडून नुकताच जेवायला बसला होता. तसाच उठवला, डोक्याला पटका, धोतर गुडघ्यापर्यंत. वाटेत विचारतोय, "अगं अक्का, मी काय केलं?" म्हणलं, "तू काय करणार? तू गप उभा ऱ्हा, तेवढंच तुझं काम."

चौकीत हवालदार बसले होते, अजीमभाऊ बाकड्यावर खाली मान घालून. शेठकडून मच्छिंद्र आला होता, कागद घेऊन. मी म्हणलं, "साहेब, ह्यांची कॅसेट लावा." हवालदार म्हणले, बाई, ही काय करमणुकीची जागा हाय का? मी म्हणलं, "ऐका तर. गुन्हा ऐकल्याशिवाय कसा कळंल?" लावली. ती नथवाली गायला लागली. गेणबा मामाचं नाव आलं तशी मी बटण दाबायला सांगितलं आन् मच्छिंद्रला विचारलं, "हा गेणबा मामा कोण रे?"

तो म्हणला, "गाण्यातला हाय. असतो असा कुणीतरी."

"न्हावऱ्याचा गेणबा म्हणतीय ती. न्हावऱ्यात हाय का कुणी?"

मच्छिंद्र हातातले कागद चाळायला लागला. हवालदारांनी दाराकडं बघितलं. गेणबा हात जोडून उभा. म्हणला, "मीच हाय साहेब. गेणबा. पण मी कुणाच्या हळदीला गेलो न्हाई, आमच्या शालनीचं तर अजून ठरलं बी न्हाई!"

हवालदार हसले ते हसतच सुटले. आतला साहेब बाहेर आला, त्याला सगळं पहिल्यापासून ऐकवलं. शालन कोण, सोपानराव कोण. नंतर साहेबानं मच्छिंद्रला आत नेलं, काय बोलला ठावं न्हाई, पण तक्रार मागं घेतली. मशीन परत मिळाली, खोकं परत मिळालं. गेणबाला अजीमभाऊंनी हाटेलात भजी खाऊ घातली. तो पुढं कित्येक वर्सं सांगत होता, माझ्यावर गाणं निघालंय.

मला वाटलं जिंकलो. कसलं काय! चौकीत जिंकता येतं, बाजारात न्हाई.

आठवड्यानं मच्छिंद्र पुन्हा आला. आता आवाज मऊ. म्हणला, शेठ म्हणतात भांडण नको. एवढ्या कागदावर एक सही करा. ही हळदीची गाणी कंपनीची हायेत, मी ती पुन्हा भरणार न्हाई, विकणार न्हाई, आन् सिंधूबाईची गाणी भरायला दुसरं कुणी आलं तर कंपनीला कळवीन. लग्नात स्पीकरवर लावली तरी कंपनीला विचारीन. सही केली तर दुकान भरून माल, नवा पिक्चर सगळ्यांच्या आधी तुमच्याकडं. न्हाई केली तर एक कॅसेट मिळायची न्हाई. शेठकडून न्हाई म्हणजी कुठनंच न्हाई, दुसरं दारच ऱ्हायलं नव्हतं. तोंडावर दिवाळी, पाठोपाठ लग्नसराई.

मला हे फरीदानं सांगितलं. म्हणली, चार दिवस झोपले न्हाईत, आन् तुम्हाला सांगू नको म्हणलेत. सही केली तर दुकान ऱ्हातंय, माझी गाणी जातात. न केली तर गाणी ऱ्हातात, ह्या माणसाची भाकरी जाती. त्यांना मेहक न् धाकटा अशी दोन लेकरं, घर भाड्याचं. माझं काय? माझा मळा होता, शेवंती होती. गाणी गेली म्हणून मी काय उपाशी मरणार होते? पण आत कुठंतरी असं तुटत होतं, की सांगता येत न्हाई. आईची गाणी कुणाला तरी विचारून गायची? माझ्याच लेकीच्या हळदीला?

सोपानराव म्हणले, "जा, आन् त्याला सांग सही कर म्हणून. आपल्यापायी त्याचं वाटोळं नको." त्यांचं बरोबर होतं. मी सकाळच्या पहिल्या जीपनं शिरूरला गेले, वाटभर मनाशी घोकत. अजीमभाऊ, सही करून टाका. माझी हरकत न्हाई.

दुकानात पाऊल टाकलं आन् घोकलेलं सगळं विसरले. सगळी कपाटं मोकळी. एक कॅसेट न्हाई. अजीमभाऊ फळ्या पुसत होते. कंपनीचा होता न्हवता तो सगळा माल त्यांनी आदल्या दिवशीच मच्छिंद्रच्या गाडीत भरून दिला होता.

मी म्हणलं, "अहो, काय केलंत हे? मी तर सही करा म्हणायला आले होते!"

ते म्हणले, "म्हणूनच घाई केली मावशी. तुम्ही येणार, ठाऊक होतं मला. तुम्ही सही कर म्हणला असता, आन् मी भित्रा माणूस, केली बी असती."

"पण लेकरांचं काय?"

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "कंपनीचं गाणं कंपनीनं दिलं तर मी विकीन, न्हाई दिलं तर न्हाई विकणार. पण तुमचं गाणं मी कसं द्यायचं? ते माझं हाय का? फरीदा बी हेच म्हणली." फरीदा मागं उभी होती. म्हणली, "और क्या मावशी. जे आपलं न्हाई त्याच्यावर सही कशी करायची?"

मी तिथंच खुर्चीत बसले आन् पदर डोळ्याला लावला. सख्खा भाऊ बी एवढं करत न्हाई. पण रडून कपाटं भरत न्हाईत. फरीदानं चहा दिला, मी प्याले, डोळं पुसलं आन् म्हणलं, "अजीमभाऊ, ती नथवाली माझ्या गेणबाचं नाव घेऊन अख्ख्या महाराष्ट्राला हळद लावतीय. प्रत्येक मांडवात लोक विचारत असतील, हा गेणबा कोण? लोकांना त्यांचा मामा पाहिजे. आपण ज्याचा त्याला मामा देऊ."

ते हसले. किती दिवसांनी हसले असतील!

तसंच सुरू केलं. ज्याच्या घरी लगीन त्यानं दुकानात यायचं, नावं सांगायची. नवरीचं, बापाचं, मामाचं, रुसणाऱ्या आत्याचं आधी. मी यायचे, ती नावं घालून गायचे, आन् एका घरची एक कॅसेट भरायची, कोरी कॅसेट तर कुठं बी मिळायची. दुसऱ्या घरची दुसरी. शेठची कंपनी कितीबी मोठी झाली तरी तिला हे जमणार न्हवतं. तिनं लाखानं कॅसेटी काढायच्या, ती वढूच्या एका म्हाळू आजोबाचं नाव कुठं घालत बसती? पहिल्यांदा तळेगावची माणसं आली, मंग शिरूरची, मंग दौंडकडची. लेकीचं नाव कॅसेटीत आलं म्हणून माणसं भर दुकानात रडायची. लगीन होऊन पोरी गेल्या की आया त्या कॅसेटी लावून बसायच्या.

फार कमाई झाली असं न्हाई. पाऊसपाण्याच्या महिन्यांत दुकान ओस पडायचं, अजीमभाऊ टेप दुरुस्त करायचे, लाईटच्या माळा भाड्यानं द्यायचे, काय काय केलं त्यांनी. पण घर चाललं, मेहक शिकली. शालनीच्या हळदीला मी कुणाला विचारायला गेले न्हाई. भोंग्यावर माझाच आवाज होता, आन् भोंगा अजीमभाऊंचा, फुकट.

पुढं कॅसेटीच गेल्या. सीडी आली, मोबाईल आला. तो शेठ बी आता सिमेंटचं दुकान चालवतो म्हणे. अजीमभाऊंचं दुकान हाय तिथंच हाय, मोबाईल रिचार्ज करतात, चष्मा लागलाय. माझा बी गळा आता पहिल्यासारखा न्हाई. लोक विचारतात, मावशी, तुमचं केवढं नुकसान केलं त्या कंपनीनं, राग न्हाई येत? येतो की! मला राग यायला कारण बी लागत न्हाई. पण त्या रागाच्या वर ह्या माणसाचं उपकार एवढं चढून बसलंय, की राग खालीच ऱ्हातो.

आन् एक गोष्ट सांगायची ऱ्हायली. मेहकचं लगीन दौंडला ठरलं, तवाची. अजीमभाऊ माझ्याकडं पत्रिका घेऊन आले. आमच्याकडच्या त्यांच्या लोकांत बी हळद लावतात, बायका गातात. ओसरीवर बसले, इतकी वर्सं दुकानात येणारी गिऱ्हाईकं बसायची तसे, आन् नावं सांगायला लागले. नवरी मेहक. आई फरीदा. मामा इम्तियाज. आत्या सायमा. मी डोक्यात बसवत होते.

"आजी?" मी विचारलं.

म्हणले, "आजी न्हाई तिला. माझी आई मी ल्हान असतानाच गेली. फरीदाची आई जाऊन दोन वर्सं झाली. तिथं तुमचं नाव घाला."

मी म्हणलं, "अहो, काहीतरीच! गाणारणीनं स्वतःचं नाव घ्यायचं नसतं. तशी रीतच न्हाई."

"मंग ती ओळ कोण गाईल?"

"मला काय ठावं? तुमचं तुम्ही बघा."

"मला बी ठाऊक न्हाई मावशी," म्हणले, "पण नाव तुमचंच."

शिरूरला त्यांच्या दारात मांडव. मेहक पाटावर, पिवळ्या ओढणीत. मी गाणं धरलं. बापाचं नाव घातलं, आईचं घातलं, मामाचं घातलं तसा इम्तियाज लाजून बाहेर पळाला, सगळ्या हसल्या. मंग आजीची ओळ आली. मी निम्मी गायले आन् थांबले. रीत मोडवेना, आन् दुसरं नाव घालायला जीभ वळंना. बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

फरीदा लेकीच्या गालाला हळद लावत होती. तिनं मान वर केली. चारचौघींत कवा गायली न्हाई ती बाई, लेबलं चिकटवताना गुणगुणायची तेवढंच. हात पिवळे, डोळं भरलेलं, तरी तिनं ओळ उचलली.

लेकीच्या पाठी गं उभी ऱ्हाते कोण,
सिंधू आजी उभी गं हळद लावून.

जन्मभर मी दुसऱ्यांची नावं घातली. माझं नाव गाण्यात कुणी घातलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. हुंदका आला तो पदरानं दाबला, कारण पुढची ओळ मलाच गायची होती.